पटतं सगळ्यांना, मग करत का नाही कुणी? विचार पसरतो तो नेमका कशानं

अनवट | रवि, रात्री १०:२०

अवयवदानाच्या प्रचाराचं काम गेली अकरा वर्षं करतोय. सात जणांचा छोटा गट आहे आमचा, नोकऱ्या सांभाळून जमेल तसं करतो. व्याख्यानं, पत्रकं, कॉलेजांतून गप्पा, डॉक्टरांशी प्रश्नोत्तरं, सगळं करून झालं. एवढ्या वर्षांत 'हे चुकीचं आहे' असं तोंडावर म्हणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. बाकी सगळ्यांना पटतं. तरी अर्ज भरून देणारे थोडेच.

गेल्या महिन्यात एका सभागृहात कार्यक्रम होता. दोनशेच्या आसपास माणसं असतील. मूत्रपिंड मिळालेल्या एक ताई बोलल्या, लोकांचे डोळे पाणावले. बाहेर पडायच्या दाराशी आम्ही टेबल मांडलं होतं, त्यावर अर्जांचा गठ्ठा आणि डझनभर पेनं. मी टेबलामागे उभा. माणसं येत होती, माझा हात हातात घेऊन 'फार मोठं काम करताय' म्हणत होती, अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवत होती आणि जात होती. वीस मिनिटं झाली, भरलेला अर्ज एकही नाही.

मग एक आजोबा आले. त्यांना उभं राहून लिहिता येईना, म्हणून त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, टेबलाशी बसले, चष्मा लावला आणि एकेक अक्षर कोरत अर्ज भरायला लागले. त्यांच्यामागे तिघं थांबले. कुणी कुणाशी बोललं नाही. आजोबांचं झाल्यावर त्या तिघांनीही तिथंच अर्ज भरले, आणि त्यांच्या मागच्या आणखी तिघांनी. त्या दिवशी एकूण नऊ अर्ज आले, त्यातले सात त्या पंधरा मिनिटांतले. आजोबा गेल्यावर वाट मोकळी करायची म्हणून खुर्ची मीच उचलून ठेवली. त्यानंतर तासाभरात दोन.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. पटवण्यात आपण सगळा जीव ओततो, पण पटणं आणि करणं यांच्या मधे बहुतेक दुसरं माणूस उभं असतं. जगात मोठे बदल झाले ते विचार पटले म्हणून झाले, की आपल्यासारखीच माणसं ते करताना दिसली म्हणून? इतिहास, समाजशास्त्र, प्रत्यक्ष काम, ज्याला ज्या अंगानं ठाऊक असेल त्यानं सविस्तर लिहा. मला हे कामासाठी हवंय.

जुनीपानं | सोम, सकाळी ७:१५

तुमच्या आजोबांवरून मला चीनमधली पाय बांधण्याची प्रथा आठवली. पाच-सहा वर्षांच्या मुलीची पावलाची बोटं तळव्याखाली दुमडून पट्टीनं घट्ट आवळायची, पाऊल कायमचं लहान राहावं म्हणून. हजारेक वर्षं चाललं हे. १६६४ मध्ये खुद्द कांग्शी बादशहाच्या राजवटीत बंदी आली आणि चारच वर्षांत मागे घ्यावी लागली. म्हणजे बादशहाचा हुकूमही पुरला नाही.

हे वाईट आहे हे आयांना कळत नव्हतं का? रात्री ठणक लागून रडणारं लेकरू त्यांच्याच कुशीत असायचं. पण पाय न बांधलेल्या मुलीला स्थळ मिळणार नाही, ही धास्ती. एकट्या आईनं शहाणपणा केला तर भोगायचं तिच्या मुलीनं. म्हणून मनातून नको असतानाही प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे बघून बांधत राहिलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं पाय न बांधणाऱ्यांच्या संस्था निघाल्या. १८७५ च्या सुमारास श्यामेनला, १८९५ मध्ये शांघायला, पुढे ठिकठिकाणी. त्यांनी उपदेश केलाच, शिवाय सभासदांकडून दुहेरी शपथ घेतली: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि पाय बांधलेली सून करणार नाही. या शपथेचा दुसरा भाग फार विचार करून घातलेला आहे. पहिल्या भागानं मुलीची आई उघड्यावर पडते, दुसरा भाग तिला सांगतो की तुझ्या मुलीला घरं आहेत, ही बघ त्यांची नावं. उत्तर चीनमधल्या दिंग परगण्यात नंतर पाहणी झाली, त्यातले आकडे प्रसिद्ध आहेत. १८८९ च्या सुमारास ९९ टक्के मुलींचे पाय बांधले जात होते. १८९९ ला ९४ टक्के. १९१९ ला शून्य. हजार वर्षांची प्रथा एका पिढीत गेली.

म्हणून मला वाटतं, पटणं बहुतेक वेळा आधीच झालेलं असतं. अडतं ते 'मी एकटाच पडलो तर' इथं.

रानवारा | सोम, दुपारी १:०५

जुनीपानं, माहिती छान दिलीत, पण या उदाहरणाला दुसरी बाजू आहे. लॉरेल बॉसन आणि हिल गेट्स या अभ्यासकांनी चीनच्या गावागावांतल्या हजारो वृद्ध स्त्रियांच्या मुलाखतींवरून वेगळं मांडलंय. लहान मुलींना घरात एका जागी बसवून त्यांच्याकडून सूत कातण्यासारखी हातकामं करून घ्यायची, यात बांधलेल्या पायांचा उपयोग होता. गिरणीचं सूत आणि कापड आलं, घरच्या सुताला किंमत उरली नाही, आणि प्रथेचा आर्थिक पायाच गेला. मग शपथेनं प्रथा संपवली, की मरायला टेकलेल्या प्रथेवर शपथेनं शेवटचा घाव घातला?

बदल झाल्यावर मागे वळून 'विचार जिंकला' म्हणायची आपल्याला फार हौस असते. पैशाचं, यंत्रांचं, कायद्याचं गणित बदललं की माणसं आपसूक बदलतात, असं माझं मत आहे.

जुनीपानं | सोम, दुपारी ३:४०

रानवारा, बरोबर आहे, मी एकाच बाजूनं लिहिलं. गिरण्यांचा भाग मान्य. पण कारण संपलं म्हणून प्रथाही संपते असं नाही. कितीतरी चालीरीतींचं मूळ कारण पिढ्यान्पिढ्यांपूर्वी संपलेलं असतं आणि त्या चालूच असतात, कारण पहिलं कोण मोडणार हा प्रश्न तसाच असतो. गिरण्यांनी दार किलकिलं केलं असेल. त्यातून एकत्र बाहेर पडायची सोय शपथेनं केली.

बेरीज | सोम, रात्री ९:५०

'पहिलं कोण' या प्रश्नावर मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये एक साधं गणित मांडलं होतं. अनवटांच्या सभागृहाला लावून दाखवतो.

समजा शंभर माणसं आहेत. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे, म्हणजे आधी किती जणांनी केलेलं दिसलं की मी करेन. एकाचा शून्य, तो कुणाकडे न बघता करतो. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत नव्व्याण्णवपर्यंत. शून्यवाला उठतो, त्याला बघून एकवाला, त्या दोघांना बघून दोनवाला, आणि बघता बघता शंभरही जण उठतात. आता फक्त एक बदल करा. ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन करा, बाकी सगळे तसेच. शून्यवाला उठतो. एकाला बघून उठणारा कुणी उरलेलाच नाही. तो एकटाच उभा राहतो आणि गोष्ट तिथंच संपते.

दोन्ही गर्दींत अठ्ठ्याण्णव नव्हे, नव्व्याण्णव माणसं तीच आहेत, त्यांची मतं तीच. बाहेरून बघणारा म्हणेल पहिला समाज क्रांतिकारी, दुसरा मुर्दाड. फरक एका माणसाच्या एका पायरीचा. अनवट, तुमचे आजोबा शून्यवाले होते. आणि ते उभे असते तर कदाचित काहीच झालं नसतं. खुर्चीत बसल्यामुळे ते दिसले, आणि पुरेसा वेळ दिसत राहिले.

दुसरी गोष्ट, ही जास्त उपयोगाची. आपण धरून चालतो की विचार सर्दीसारखा पसरतो, एक संपर्क झाला की लागण. बातमीचं तसं असतं. ज्यात आपलं काही पणाला लागतं त्याचं तसं नसतं, तिथं एकापेक्षा जास्त ओळखीच्या माणसांकडून दुजोरा लागतो. डेमन सेंटोला यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचाच. आरोग्याच्या एका ऑनलाइन मंचावर लोकांना दोन तऱ्हेच्या जाळ्यांत जोडलं. एकात सगळे दूरदूरचे, विखुरलेले. दुसऱ्यात घट्ट शेजार, माझे दोन शेजारी एकमेकांचेही शेजारी. सर्दी पहिल्या जाळ्यात वेगानं पसरली असती. पण सुचवलेल्या नव्या आरोग्य-मंचावर नाव नोंदवलं पहिल्यात ३८ टक्क्यांच्या आसपास लोकांनी, दुसऱ्यात ५४ टक्क्यांच्या. जिथं तीच गोष्ट तीन दिशांनी येत होती, तिथं माणसं हलली.

तुमच्या सभागृहातल्या दोनशे जणांत एकमेकांना ओळखणारे किती होते?

अनवट | सोम, रात्री १०:३०

बेरीज, तुमच्या शेवटच्या प्रश्नानं गप्प झालो. जाहिरात वाचून आलेले होते सगळे. एकमेकांना ओळखणारे फारच थोडे असणार. जास्तीत जास्त अनोळखी माणसांपर्यंत पोचणं हेच आम्ही यश मानत आलो.

दीपमाळ | मंगळ, पहाटे ५:४५

रात्रपाळीहून आत्ताच आले, पण लिहून मगच झोपते. मी बावीस वर्षं अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. हात धुण्याबद्दल लिहिते, कारण विचार पटूनही न पसरण्याचं याहून जुनं उदाहरण मला माहीत नाही.

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरनं प्रसूती विभागात क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावले. शवविच्छेदन करून डॉक्टर आणि विद्यार्थी तसेच बाळंतिणींना तपासायला यायचे. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या, जूनमध्ये दोन. यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा? तरी त्याचं म्हणणं त्याच्या हयातीत सर्वमान्य झालं नाही. त्याचं एक कारण आम्हां परिचारिकांना लगेच कळतं. तो जे सांगत होता ते मान्य करायचं म्हणजे आजवरचे मृत्यू आपल्या हातून झाले हे मान्य करायचं. पुढे तर त्यानं विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हटलं. त्याची तळमळ मला कळते, बाळंतिणी मरताना त्यानं पाहिल्या होत्या. पण 'तू खुनी आहेस' हे ऐकून कुणी हात पुढे करत नाही. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला बिचारा.

आता आमचं सांगते. मी नवी होते तेव्हा विभागात हात धुण्याची पाच भित्तिपत्रकं होती. दर सहा महिन्यांनी प्रशिक्षण, परीक्षेत सगळ्यांना पूर्ण मार्क. आणि प्रत्यक्षात? बेसिन दाराशी, रुग्ण दहा पावलांवर, गडबडीत कोण परत जातंय. पुढे दोन गोष्टी झाल्या. हात निर्जंतुक करायच्या द्रावणाची बाटली प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी अडकवली. आणि नव्या विभागप्रमुख बाई आल्या. राउंडला त्या प्रत्येक खाटेशी थांबायच्या आणि काही न बोलता हात चोळायच्या. वीस सेकंद. मागचे आठ-दहा डॉक्टर वीस सेकंद नुसते उभे. तिसऱ्या-चौथ्या खाटेला सगळ्यात धाकटी डॉक्टर आपणहून बाटलीकडे वळली, तिच्यामागून बाकीचे. महिनाभरात न चोळता खाटेला हात लावणारा माणूस उठून दिसायला लागला. बाईंनी त्याबद्दल एक वाक्य भाषण दिल्याचं मला आठवत नाही.

सोय आधी केली आणि मग दाखवलं, असं झालं ते. नुसती बाटली असती तर ती भरलेलीच राहिली असती.

रानवारा | मंगळ, सकाळी ११:२०

दीपमाळ, सुंदर प्रतिसाद. माझं 'गणित बदललं की माणसं बदलतात' हे म्हणणं तुमच्या बाटलीत अर्धं बसतं आणि अर्धं उरतं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती कुणी मांडलीच नाही. माणूस शेजाऱ्याकडे बघून करतो हे खरं असेल तर खोटंही याच वाटेनं पसरणार. अफवा, द्वेष, जमावानं केलेली हत्या, तिथंही शून्यवाला उठतो आणि एकवाला मागे येतो. ग्रॅनोव्हेटरचं मूळ उदाहरणच दंगलीचं होतं ना? मग पसरण्याचं तंत्र शिकून आपण नक्की काय शिकतोय? विचार खरा आहे की नाही याला काहीच महत्त्व नाही?

जुनीपानं | मंगळ, रात्री ८:१०

महत्त्व आहे. मला ते ब्रिटनमधल्या गुलामगिरीविरोधी चळवळीत सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणून जरा लांबण लावते.

टॉमस क्लार्कसन केंब्रिजचा विद्यार्थी. १७८५ मध्ये विद्यापीठानं निबंधस्पर्धेला विषय दिला: दुसऱ्याला त्याच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं न्याय्य आहे का? बक्षीस मिळावं म्हणून त्यानं लिहिला, मिळालंही. लंडनला जाताना वाटेत घोड्यावरून उतरून रस्त्याकडेला बसला, कारण मनातून जाईना: मी लिहिलंय ते खरं असेल तर कुणीतरी हे थांबवायला हवं. बेरीज, हा तुमचा शून्यवाला.

२२ मे १७८७ ला लंडनमधल्या एका छापखान्यात बारा जण जमले. त्यातले नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, आणि हे मला कळीचं वाटतं. क्वेकरांचं गावोगाव जाळं होतं, एकमेकांवर विश्वास होता, पत्रं पोचवायची सोय होती. क्लार्कसन एकटा निबंध लिहू शकला असता, चळवळ नाही.

मग तो बंदरं पालथी घालत फिरला. खलाशांच्या जबान्या घेतल्या, बेड्या, अंगठे चिरडायचे चाप असल्या वस्तू गोळा केल्या. गुलाम वाहून नेणाऱ्या ब्रूक्स नावाच्या जहाजाचा आराखडा १७८८-८९ मध्ये छापला गेला, तो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. डेकवर माणसं सामानासारखी रचलेली. कायद्यानं त्या जहाजात ४५४ माणसं कोंबायला परवानगी होती. चित्र काढणाऱ्यांनी काही वाढवून दाखवलं नाही, जहाजाची मापं घेऊन माणसं बसवून दाखवली. विरोधक संसदेत प्रत्येक आकडा तपासणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रानवारा, खरेपणाचं काम इथं होतं. अफवा एका रात्रीपुरती लागते. हे भांडण पुढे वीस वर्षं चाललं, आणि त्या वीस वर्षांत तो आराखडा कुणाला खोटा पाडता आला नाही.

पुढे १७९१ मध्ये संसदेनं गुलामांचा व्यापार थांबवायचं विधेयक १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळलं. तेव्हा गुलामांच्या कष्टांतून आलेली साखर सोडायचं आवाहन झालं. क्लार्कसनच्या अंदाजानं तीनेक लाख माणसांनी सोडली. मताचा हक्क नसलेल्या बायकांना पहिल्यांदाच रोज करता येईल असं काहीतरी हाती आलं. पाहुण्यांसमोर चहाबरोबर साखर आली नाही की विचारणा होणार, आणि उत्तरात सगळा विषय निघणार. दुसऱ्या वर्षी व्यापार थांबवा म्हणून संसदेत ५१९ अर्ज गेले. व्यापारबंदीचा कायदा १८०७ चा, गुलामगिरी संपवायचा १८३३ चा.

रानवारा | मंगळ, रात्री ९:००

पटलं. फक्त एक भर घालतो, नाहीतर ही गोष्ट लंडनच्या दिवाणखान्यांचीच राहील. १७९१ च्या ऑगस्टमध्ये आजच्या हैतीत गुलामांनी स्वतः उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. १८३१ च्या नाताळात ब्रिटनच्या ताब्यातल्या जमैकात सॅम शार्प यांच्या पुढाकारानं हजारो गुलामांनी काम थांबवलं, उठाव चिरडला गेला, शार्प फासावर गेले, आणि दीड वर्षात कायदा झाला. ज्यांच्या अंगावर बेड्या होत्या त्यांनी जीव पणाला लावला नसता तर सह्यांचे गठ्ठे कपाटात पडले असते. आणि कायद्यानं भरपाई दिली ती मालकांना, दोन कोटी पौंड. त्या माणसांना दमडी नाही. याची चीड आली पाहिजे.

पायरव | बुध, सकाळी ८:३०

फक्त वाचत होतो, पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या माँटगोमेरी शहराच्या बस-बहिष्काराचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. गोष्ट अशी सांगतात की रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाई बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडून उठल्या नाहीत आणि अख्खं शहर पेटलं. ठिणगी पडली, जंगल जळालं. पण त्याच वर्षी, १९५५ मध्ये, २ मार्चला पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनलाही याच गुन्ह्याखाली पकडलं होतं, तेव्हा बहिष्कार झाला नव्हता.

तयारी मात्र चालू होती. जो अ‍ॅन रॉबिन्सन तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका राजकीय संघटनेच्या अध्यक्ष होत्या. मे १९५४ मध्येच त्यांनी महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता. १ डिसेंबर १९५५ ला पार्क्स यांना अटक झाली, त्या रात्री रॉबिन्सन, एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्राशी जाऊन उभे राहिले. कागदाची बचत व्हावी म्हणून एका पानावर तोच मजकूर तीनदा. रात्रभर हजारो पानं काढली, कापून तीन-तीन तुकडे केले, गठ्ठे बांधले, कुठला गठ्ठा कुठं कुणाच्या हाती द्यायचा याचे मार्ग आखले. सकाळी आठला रॉबिन्सन यांचा तास होता. तो घेऊन त्या वाटपाला निघाल्या.

पत्रकात मागणी काय होती बघा. सोमवारी बसनं जाऊ नका. एक दिवस. सोमवारी सकाळी लोकांनी खिडकीतून रिकाम्या बस जाताना पाहिल्या, आणि संध्याकाळच्या सभेला चर्च ओसंडून वाहिलं. मग तो एक दिवस ३८१ दिवस चालला. तोही नुसत्या निर्धारावर नाही, शेकडो खासगी गाड्यांची ने-आणीची व्यवस्था लावली म्हणून.

आणखी एक. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीच्या कामाला जाण्यासाठी उत्तरेतल्या विद्यार्थ्यांनी अर्ज केले होते. निवड होऊनही काही गेले नाहीत. डग मॅकअ‍ॅडम यांनी नंतर ते अर्ज तपासले: गेलेले ७२०, न गेलेले २३९. विचारांत दोघांत फारसा फरक नाही, पटलेले सगळेच. जे गेले त्यांचे जवळचे मित्रही जात होते, हा मोठा फरक.

सांजवात | बुध, रात्री ११:१५

खूप वेळ लिहू की नको असं चाललं होतं.

माझ्या भावानं अवयवदानाचा अर्ज भरला होता. अशाच कुठल्यातरी कार्यक्रमात भरला असेल. आम्हांला माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी अपघात झाला, मेंदू मृत झाल्याचं सांगितलं, आणि एका डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन विचारलं. आईनं माझ्याकडे बघितलं, मी वहिनीकडे. वहिनी म्हणाली, तो कधी बोलला नाही असलं काही. मग आम्ही नाही म्हटलं. अर्जाची प्रत दीड महिन्यानं त्याच्या कपाटात सापडली, घडी घातलेली.

तो एकदा जेवताना नुसतं म्हणाला असता ना, मला असं करायचंय, तर आई नाही म्हणाली नसती. मला खात्री आहे.

अनवट | गुरु, पहाटे १:१०

सांजवात, काय लिहू. तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. झोप लागणार नाही आज.

अकरा वर्षं मी अर्ज मोजतोय.

बेरीज | गुरु, सकाळी ९:२५

सांजवात, तुमच्याबद्दल आणि आईंबद्दल वाचून गलबललं.

अनवट, स्पेनचा अनुभव याला अगदी लागून आहे. तिथं १९७९ मध्ये कायदा झाला, नकार नोंदवलेला नसेल तर संमती धरायची. त्यानंतरही दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, दर दहा लाख लोकसंख्येमागे अवयवदाते चौदाच होते. त्या वर्षी राष्ट्रीय संघटना उभी राहिली, राफाएल मातेसान्स तिचे प्रमुख झाले, आणि रुग्णालयांत अवयवदान-समन्वयक नेमले गेले. बहुतेक अतिदक्षता विभागाचेच डॉक्टर. घरच्यांशी कसं, कधी, कुठे बसून बोलायचं याचं प्रशिक्षण दिलं. कायद्यानं संमती गृहीत असली तरी घरच्यांना विचारल्याशिवाय तिथं पुढे जात नाहीत. २०१७ मध्ये तो आकडा शेहेचाळीसच्या वर होता. कायदा तोच होता.

म्हणजे बदल झाला तो खाटेशेजारच्या त्या एका बोलण्यात. तुम्ही लोकांना जी कृती करायला सांगताय तीच बहुधा चुकलीय. पसरवायची गोष्ट अर्ज नाही, घरी एकदा बोलणं ही आहे.

दीपमाळ | गुरु, दुपारी ४:००

बेरीजना पूर्ण अनुमोदन. त्या क्षणी घरच्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहते ते विरोध नसतो. त्यांना अंदाजच नसतो. 'तिनं सांगून ठेवलंय' म्हणणारं एक माणूस जरी खोलीत असलं तरी सगळ्यांचे खांदे सैल पडतात. निर्णय आपल्यावर नाही याचंच केवढं ओझं उतरतं.

रानवारा | गुरु, संध्या. ६:४५

आणि घरी बोलणं हे बेरीजच्या घट्ट जाळ्यातच होतं, अनोळखी दोनशे जणांत नाही. अनवट, कार्यक्रम छोटे करा. एखादा भजनी गट, एखादी सोसायटी, ऑफिसातला एक विभाग. जिथं माणसं एकमेकांना उद्याही भेटणार आहेत.

अनवट | सोम, रात्री १०:५०

धागा वर आणतोय. कालच कार्यक्रम झाला. जागा बदलली, एका वाचनालयाचे सभासद होते, बत्तीस जण, सगळे वर्षानुवर्षांचे ओळखीचे. भाषण पंधरा मिनिटांचं ठेवलं. सांजवातना विचारून, नाव-गाव काहीही न सांगता, त्यांची गोष्ट सांगितली. मग म्हटलं, अर्ज नंतर बघू, आधी घरच्या एकाला आत्ता इथूनच फोन लावा. आमच्या गटातल्या तिघांनी सगळ्यांसमोर आधी लावला. मी माझ्या मुलाला लावला. अकरा वर्षांत त्याच्याशी हे कधी बोललो नव्हतो, हे फोन कानाला लावल्यावर लक्षात आलं.

मिनिटभर शांतता. मग मागच्या रांगेतून एका काकूंचा आवाज आला, "अगं, काही झालं नाही, मी बरी आहे, ऐक तर." त्यानंतर एकेक करत फोन निघाले. मी मोजले, एकोणीस. दोघांच्या घरून ठाम नकार आला, एकांचं त्यांच्या बहिणीशी भांडण झालं आणि ते तसेच निघून गेले. त्यांच्याशी मला बोलायला हवं, उद्या जाणार आहे.

खुर्च्या या वेळी आवरल्या नाहीत. साडेआठला वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी चौघं टेबलाशी बसलेली होती, आणि त्यातल्या दोघी अर्ज बाजूला ठेवून एकमेकींना विचारत होत्या, "तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या?"